गुलाबी नाकाचा नुकरा

पू, रक्त, शेण यांत माझे हात रोज बरबटतात; जनावरांची डॉक्टर आहे मी. पण त्या दिवशी एका घोड्याच्या नाकावरची पावडर बघून मला ओकारी आली.

आमच्या देगलूरच्या मलप्पाकडे वरातीची दोन जनावरं आहेत. मोती हा नुकरा, म्हणजे केस पांढरे आणि खालची कातडीही गुलाबी. चांदणी घोडीही पांढरीच, पण तिची कातडी काळी, म्हणून नाकतोंड काळं. तिला ऊन बाधत नाही. मोतीचं नाक मात्र एप्रिलच्या उन्हात भाजून सोललं होतं, साल काढलेल्या टमाट्यासारखं. मलम देऊन मी मलप्पाला बजावलं होतं, "पंधरा दिवस सावलीत ठेवायचं. आणि तेल अजिबात नको, उन्हात तेल लावणं म्हणजे तळणंच."

आठव्या दिवशी माझ्या धाकट्या भावाची, सुगतची वरात. भर दुपारी आमच्या दारात मोती उभा! नाकावर खोबरेल, त्यावर पावडरचा थर, ओठांना लाली.

"मलप्पा, लाज कशी वाटत नाही तुला?"

"म्याडम, म्या चांदणीच आनणार होतो. तुमच्याच घरून फोन आला. काळ्या तोंडाची नको म्हनले."

मी आईकडे पाहिलं.

"मग? फोटोत कसं दिसंल?" आई म्हणाली. "पोरगी गोरी बघून केली, अन् घोडं काळ्या तोंडाचं आनावं व्हय?"

सावळी म्हणून मला तीन स्थळांनी नाकारलं, तेव्हा याच आईने त्यांना शिव्या घातल्या होत्या. मला तिचीही किळस आली.

"सुगत, याच्यावर बसू नको. नाक सडेल त्याचं."

"ताई, अर्ध्या तासाचं तर काम हाय. फोटो तरी होऊ दे."

तो लगाम धरून फोटोला उभा राहिला. मोतीला खाज सहन होईना. त्याने सुगतच्या क्रीम रंगाच्या शेरवानीवर नाक खसाखसा घासलं. पावडर, लाली, तेल, पू, सगळं छातीवर उतरलं.

"शी!" सुगत ओरडला. "न्या ही घाण! दुसरं आना!"

मलप्पाचं घर मागच्याच गल्लीत. पाच मिनिटांत चांदणी आली. आई म्हणाली, "असू दे, काळी तर काळी."

मी मोतीला लिंबाखाली नेलं आणि ओल्या रुमालाने नाक टिपलं. तो थरथरत होता. तिकडे मांडवात दहा बायका पदर ओले करून धावल्या होत्या, शेरवानी पुसायला.