अठ्ठावीसचे टायर

"हे तं दबून राह्यलं," गुलाबराव म्हणाले. सायकलच्या पुढच्या टायरवर त्यांनी अंगठा रोवला होता आणि ते तो काढत नव्हते. "अजून चाळीस पौंड तरी पाह्यजे."

"तेवढंच ठेवाचं आहे, बाबा," मंजुश्री म्हणाली. "पुढं बासष्ट, मांगं सहासष्ट. माह्या वजनाले तेवढी हवा पुरते."

"कोनं सांगतलं?"

"वाचलं म्या. बाकीच्या रायडरलेही इचारलं."

गुलाबरावांनी अंगठा काढला आणि लुंगीला पुसला. एसटीच्या डेपोत टायर सेक्शनला एकतीस वर्षं काढलेला हा माणूस. लोखंडी दांड्याचा ठोका मारून, नुसत्या आवाजावरून ते टायरमधली हवा सांगत. मीटर लावला तर फरक दोन-चार पौंडांपलीकडे जात नसे. नवे ड्रायव्हर त्यांच्यावर पैजा लावायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी गल्लीतला कोणीही स्कूटर घेऊन दारात यायचा आणि म्हणायचा, "गुलाबराव, हवा पाहा जरा." हवेबद्दल त्यांनाच कोणी वाचून सांगावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. आणि सांगणारी त्यांची मुलगी होती.

मंजुश्री सत्तावीस वर्षांची. बुलढाण्यातल्याच एका खाजगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करायची. चार वर्षांपूर्वी तिने वाकड्या हँडलची, बारीक चाकांची रोड सायकल सेकंडहँड घेतली होती. पहाटे राजूरचा घाट उतरायचा, तोच परत चढायचा आणि नऊला लॅबमध्ये हजर व्हायचं, हा तिचा नेम. आईला, बेबीताईला, सुरुवातीला ते पटलं नव्हतं. नंतर तीच पहाटे उठून पोरीसाठी भिजवलेले शेंगदाणे काढून ठेवायला लागली. यंदा ऑक्टोबरात अकोल्याहून दोनशे किलोमीटरची राइड होती. साडेतेरा तासांत पुरी करायची. मंजुश्रीने नाव नोंदवलं होतं.

जुने टायर तेवीसचे, म्हणजे तेवीस मिलिमीटर रुंदीचे होते आणि आता घासून गुळगुळीत झाले होते. म्हणून बापलेक बसने अकोल्याला गेले. दुकानदाराने तीन जोड काढून ठेवले. गुलाबरावांनी एकेक टायर वाकवून पाहिला, नाकाशी नेला, चष्मा लावून कडेची अक्षरं वाचली आणि पंचवीसचा बाजूला काढला. "हा कडक आहे. हा घे."

मंजुश्रीने अठ्ठावीसचा उचलला.

"एवढा जाड? काय मालगाडी वढाची आहे का?"

"घाटातला रस्ता पाह्यला ना तुमी. बारीक टायर सारे ठोके हातात देते. वर येईपर्यंत बोटं बधिर होतात माही."

दुकानदार गुलाबरावांकडे पाहायला लागला. त्यालाही कळलं होतं की या दोघांत टायरमधला माणूस कोण. गुलाबरावांनी पंचवीसचा परत ठेवला आणि ते म्हणाले, "दे तिले ते." परतीच्या बसमध्ये टायरचा पुडा त्यांनी मांडीवर धरला, खाली ठेवला नाही. घरी आल्यावर टायर चढवायची लोखंडी टामी न लावता, नुसत्या हातांनी दोन्ही टायर रिमवर चढवून दिले. तेवढं मात्र मंजुश्रीने तोंडात बोट घालून पाहिलं.

पहिले दोन दिवस तिला ते टायर आवडले नाहीत. चढावर कोणी मागून सीट धरल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी तिने चार पौंड हवा कमी केली, चौथ्या दिवशी दोन वाढवली. सहाव्या दिवशी घाट उतरताना तिच्या ध्यानात आलं की ब्रेकवरची बोटं आपोआप सैल झाली आहेत. घरी येऊन चहा पिताना ती म्हणाली, "रस्ता गप झाला, बाबा. आवाजच नाही त्याचा."

"हूं," गुलाबराव म्हणाले.

त्यांनी यातलं एकच ऐकलं होतं. पोरगी हवा अजून कमी करून पाहते आहे. कमी हवेचा टायर तापतो, त्याची कड फाटते आणि उतारावर पुढचा फाटला की काही हातात राहत नाही, हे त्यांनी सेक्शनला आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं. टायरच्या कडेवर कंपनीनेच शंभर छापलं होतं. आणि ही साठावर हिंडत होती.

शनिवारी संध्याकाळी मंजुश्रीने हवा तपासून ठेवली. रविवारी ती उठायच्या आधी गुलाबराव उठले, ओसरीतला दिवा लावला आणि पंप जोडला. पुढे शंभर, मागे शंभर. अंगठा रोवून पाहिला, टायर दगडासारखा लागला. बऱ्याच दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं. सांगितलं तर ती वाद घालेल, म्हणून सांगितलं नाही.

निघाल्यावर मंजुश्रीला चाक आज कडक लागतंय असं वाटलं होतं. पण पुढे दोन मैत्रिणी तिची वाट पाहत थांबल्या होत्या. ती थांबली नाही.

पावणेसातला फोन आला. घाटाच्या खालच्या वळणावर पावसाने बारीक खडी रस्त्यावर आणून टाकली होती. पुढचं चाक त्या खडीवर एकदा उडालं आणि परत टेकलंच नाही, असं मैत्रीण सांगत होती. डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, सहा आठवडे हात गळ्यात. राइड चार आठवड्यांवर होती.

घरी आणल्यावर मंजुश्री उशांना टेकून बसली. चेहरा सुकला होता. "बाबा म्हनत होते तेच खरं," ती आईला म्हणाली. "ते जाड टायर माह्या कामाचे नाहीत. जुनेच लावून टाका म्हन बाबाले."

"मी तं पयलेच म्हनत होती, ह्यांचं आयकत जा," बेबीताई म्हणाली.

संध्याकाळी शेजारचे हिंमतराव पाहायला आले. तेही डेपोतलेच, ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. "हवेतलं गुलाबरावाले कळते, पोरी," ते म्हणाले. "मोबाइलवाल्याले नाही."

गुलाबराव चहा घेऊन आले होते. त्यांनी कप खाली ठेवले आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी जुने टायर घेऊन ते ओसरीत बसले. पुढचं चाक काढलं, व्हॉल्व्ह उघडला. हवा शिट्टी मारत निघाली आणि निघतच राहिली. मग नवा टायर हातात घेऊन ते बराच वेळ बसले. एका कडेला खरचटलं होतं, बाकी त्याला काही झालं नव्हतं. चाक भिंतीला टेकवून ते आत गेले.

"मंजू, त्यात शंभर होती."

"काय शंभर?"

"हवा. इतवारी सकायी म्या भरली, तू झोपेल होती तवा. दोन्हीत. कडक झालं म्हून चाक उडालं. टायरचा काही दोष नाही."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"मले सांगतलं काऊन नाही?"

"तू आयकली नसती."

"नसतीच आयकली. म्हून सांगाचंच नाही?"

गुलाबराव म्हणाले, "एकतीस वर्सं हवा भराले कोनाले इचारा नाही लागलं मले."

"आन दोन दिवस काऊन बोलले नाही?"

ते पलंगाच्या लाकडाला हात लावून उभे होते. "सारे म्हनत होते, गुलाबराव बरोबर होता. तूही म्हनली. आयकाले बरं वाटलं."

मंजुश्रीने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली नाही. बेबीताईने संध्याकाळी ताट वाढून समोर ठेवलं आणि ती आत निघून गेली. गुलाबरावांनी माफी मागितली नाही. ती कशी मागतात, हे त्यांना माहीत नव्हतं. ते जेवले आणि ताट स्वतः घासून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून हाक आली. "बाबा, चाक आन पंप अंदर आना. नवंच टायर चढवा."

त्यांनी चढवलं. तिच्या सांगण्यावरून हवा भरली आणि काटा बासष्टवर आला तसा पंप थांबवला.

"आता दाबून पाहा. असं दबलं पाह्यजे."

"मले तं हे पंचर वाटते."

"वाटू द्या."

मग रोज दुपारी तेच. ती हवा कमी-जास्त करायला लावायची, पंपाचा काटा हाताने झाकायची आणि विचारायची, "किती आहे?" ते अंगठा रोवायचे. पहिल्या दिवशी ते पंचेचाळीस म्हणाले, निघाली बासष्ट. दुसऱ्या दिवशी पन्नास म्हणाले, तेही चुकलं. एवढं चुकायची त्यांना सवय नव्हती. पण रोज जेवण झालं की ते चाक घेऊन पलंगापाशी यायचे.

ऑक्टोबरातला तो रविवार आला. मैत्रिणी अकोल्याहून फोटो पाठवत होत्या आणि मंजुश्री एका हाताने ते पाहत होती. गुलाबराव ओसरीत जाऊन साफच असलेली साखळी परत साफ करत बसले.

नोव्हेंबरच्या शेवटी ती पहिल्यांदा सायकलवर बसली. आधी मैदानाला फेऱ्या मारल्या, मग घाटाच्या तोंडापर्यंत गेली. त्या दिवशी ती तिथूनच परत आली. पुढच्या आठवड्यात उतरली, पण पायी चालल्यासारखी. हिंमतरावांच्या स्कूटरवर गुलाबराव तिच्या मागे होते. खडीच्या वळणावर तिचे खांदे कसे आवळले, ते त्यांना मागून दिसलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ती म्हणाली, "उद्या नका येऊ, बाबा. तुमच्या स्कूटरचा आवाज आला का मले ते पडनंच आठवते." त्यांनी स्कूटरची किल्ली हिंमतरावांना परत नेऊन दिली.

डिसेंबरात एका सकाळी हिंमतराव नवी बॅटरीची सायकल ढकलत दारात आले. गुडघ्यांसाठी घेतली म्हणाले. "गुलाबराव, हवा पाह्य जरा. मले मऊ वाटून राह्यली."

गुलाबराव वाकले. टायर जाडजूड होता. त्यांनी अंगठा रोवला आणि ओठावर आकडाही आला. त्यांनी अंगठा काढून घेतला.

"मले नाही सांगता येत."

"तुले?"

"हाव. वजन पाहा लागते, रस्ता पाहा लागते. मंजूले इचारू."

हिंमतराव हसायला गेले, पण गुलाबरावांचं तोंड पाहून थांबले. "कुठी आहे पोरगी?"

"घाटात. आठपर्यंत येते."

"आन मी तवरक?"

"बस."

गुलाबरावांनी पायरीवर सरकून जागा केली. बेबीताईने काही न विचारता दोन कप चहा आणून ठेवला. ऊन अजून गल्लीत उतरलं नव्हतं, वरच्या तारांवरच होतं. दोघं म्हातारे चहा पीत रस्त्याच्या टोकाकडे पाहत बसून राहिले.