खालच्याला सोडलेलं पाणी

आमचे हे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. सरकारनं सांगितलं डावीकडे बघा, की हे मान अवघडेपर्यंत डावीकडेच बघणार. संसार मी केलाय यांच्याशी, तेव्हा मला विचारा.

डोंगरावरून हरणांचे कळप उतरायचे आणि आमचं कुरण फस्त करून जायचे. कुंपणावरून टणाटण उड्या मारून आत! आमच्या गाई गोठ्यात सुका चारा चघळतायत आणि पाहुणे ताज्या गवतावर ताव मारतायत. हाकलायची सोय नाही, कायदा आडवा येतो. मग सरकारनं नवं धोरण काढलं. रानातल्या जनावरांनी कुरण खाल्लं तर भरपाई मिळणार.

पाहणीला वन्यजीव खात्याचा साहेब आला. पोरगेलासा, बोलायला गोड. म्हणाला, "काका, नुकसान दिसायला हवं. तुम्ही पाणी देता, गवत पुन्हा फुटतं, मग आमचे वरचे विचारतात, खाल्लं कुठे? मोजणी होईपर्यंत कुरणाला पाणी देऊ नका. तुमच्या गाईही सोडू नका."

"आणि मोजणी कधी?" मी विचारलं.

"आलोच की काकू."

आलोच म्हणून गेला तो हंगाम संपताना उगवला. तोवर यांनी कुरणात पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही. मी म्हणायची, "अहो, द्या थोडं, कोण बघतंय?" तर हे म्हणायचे, "शब्द दिलाय." शब्द म्हणे! गाईंना शब्द घाला खायला.

आता आमच्याकडे पाटाच्या पाण्याची एक रीत आहे. आपल्या पाळीला आपल्याला पाणी नको असेल, तर ते ओढ्याला जाऊ द्यायचं नाही. आपलं दार बंद करायचं आणि खालच्याचं उघडायचं. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय, त्यात विचारायचं काय? आमच्या खाली माझे धाकटे दीर. दर पाळीला हे उठून जायचे, आपल्या पाटाचं दार पाडायचे, भावाचं उचलायचे आणि बांधावरून हाक द्यायचे, "अरे, पाणी सोडलंय रे!" भाऊजीही खूश, त्यांचं रान हिरवंगार.

भाऊजींनी स्वतःच्या पाण्याचा हक्क शहराच्या पाणीपुरवठ्याला द्यायचं ठरवलं होतं. गुडघे गेलेले, मुलगी लांब, करणार कोण? आम्हाला सांगूनच ठरवलं. ज्याचं पाणी त्याचं, आम्ही कोण नाही म्हणणार? हक्क बदलून देण्याआधी पाणी खातं हंगामभर मोजमाप करतं, कुणाच्या दारातून किती पाणी जातं ते. त्यासाठी पाटाच्या प्रत्येक दाराला मीटर बसवले होते. हे येताजाता त्यांच्यावरची धूळ पुसायचे.

थंडी पडल्यावर पाणी खात्यातली बाई आली. तिनं कळवलं ते असं. आमच्या दारातून हंगामभर पाणी गेलेलं नाही. न वापरलेला हक्क उरत नाही. तो गेला.

"अहो बाई, पाणी देऊ नका म्हणून तुमच्याच सरकारनं सांगितलं ना?" मी म्हटलं.

"ते वन्यजीव खातं. त्यांचं आम्हाला काही कळवलेलं नसतं."

"मग आमचं पाणी गेलं कुठे?"

"खालच्या दारातून. तिथं मोजलेलं सगळं पाणी शहराकडे वर्ग झालंय."

हे हळूच म्हणाले, "पण ते माझं होतं. मी स्वतः सोडत होतो."

"स्वतःच्या हातानं सोडलंत म्हणजे राजीखुशीनं दिलंत, असंच धरतात काका," बाई म्हणाली. तिलाही वाईट वाटत असावं, चहा तिनं तसाच ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी भाऊजी आले ते रडतच. "दादा, मी फक्त माझं द्यायला गेलो होतो रे. तुझं परत मागितलं, तर म्हणतात एकदा वर्ग झालं की झालं." मला त्यांना फाडून खावंसं वाटत होतं, पण त्या माणसाचं तरी काय चुकलं? हे म्हणाले, "बस. चहा घे." बस्स, एवढंच! भाऊजी गेल्यावर माझा तोल सुटला. "आग लागो तुमच्या चांगुलपणाला! कशाला सोडलंत त्याला पाणी?"

यांनी माझ्याकडे बघितलं. "मग काय ओढ्यात घालवायचं होतं?" अगदी मनापासून विचारत होते.

कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. वन्यजीववाले पाणी खात्याकडे बोट दाखवायचे, पाणीवाले वन्यजीवकडे. मध्येच भरपाई आली, शब्दाला जागले म्हणायचे. तिचा चारा गाईंनी बघता बघता संपवला. पुढच्या उन्हाळ्यात कुरण करपून गेलं आणि हरणंही फिरकली नाहीत. तो गोड साहेब म्हणाला, "गवतच नाही तर खाल्लं कसं म्हणणार काकू?" खरंच, कसं म्हणणार.

शेवटी गाई विकल्या. सगळ्या. ट्रकमध्ये चढवताना हे प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारून बाजूला होत होते, रोज गोठ्यातून सोडताना मारायचे तशी. रडले नाहीत. मी रडले, शिव्या देत देत रडले, आणि ट्रक गेल्यावर गोठा झाडून काढला, दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधगाडीवाला आला. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. त्यानं हॉर्न दिला आणि हे बाहेर गेले. मी दारातच थांबले, म्हटलं आता सांगतील.

"काका, कॅन कुठेयत?"

हे गोठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज जरा उशीर झालाय रे. तू उद्या ये."

गाडीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाला सगळी आळी टरकून असते, पण ते तोंड उघडेना. मी नुसती मान हलवली, आणि तो उद्या येतो म्हणून गेला.