एकही भोक न ठेवलेलं घर

रंगाऱ्याच्याच घराची भिंत काळी पडते म्हणून गल्ली हसायची आणि त्याच्या बायकोचा जीव जळायचा. न्हाणीघराच्या भिंतीवर बुरशी धरली की नवरा ती खरवडायचा, पुट्टी भरायचा, रंग द्यायचा आणि लांब उभा राहून स्वतःच्याच कामावर खूश व्हायचा. चार दिवसांत भिंत पुन्हा तशीच. इकडे त्यांच्या लेकीची, चिमीची, छाती मात्र घरघरत होती. डॉक्टरीणबाईंनी या वेळी स्पष्टच सांगितलं होतं, घरातली ओल जात नाही तोवर औषधाचा उपयोग नाही.

ओल वरच्या मजल्यावरून येते, हे नवऱ्याचं ठरलेलं उत्तर. त्यापायी तो वरच्यांशी इतका भांडला, की त्या बिचाऱ्यांनी न्हाणीघराची फरशी उखडून दाखवली. खाली सगळं कोरडं ठणठणीत. तरी याचा हेका सुटेना. बायकोने हात टेकले होते.

त्या सकाळी मागच्या बोळात कपडे वाळत घालताना तिची मान सहज वर गेली. प्रत्येक मजल्यावर न्हाणीघराला छताजवळ जाळीचा झरोका होता. त्यांच्या तळमजल्यावरच्या घरालाही बाहेरून जाळी होती. आतून मात्र तिथे झरोका असल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं.

ती ओल्या हातांनीच आत आली. नवरा नेमका त्याच भिंतीला पुट्टी चोपडत होता.

"इथे झरोका होता?"

"होता की. तुम्ही दोघी राहायला यायच्या आधीच बुजवला मी. डास यायचे, धूळ यायची." मग त्याला राहवेना. "बघ, सांधा तरी दिसतोय का कुठे?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंघोळीची सगळी वाफ या माणसाने घरातच कोंडून ठेवली होती, पोरीचा जीव त्यात गुदमरत होता, आणि याला कौतुक कसलं, तर सांध्याचं.

"फोडा ते. आत्ता."

हातोडी घेऊन तो स्टुलावर चढला खरा, पण काम इतकं बेमालूम झालेलं, की झरोका कुठे होता ते त्याचं त्यालाच सापडेना. इथे ठोक, तिथे ठोक. शेवटी ती दात-ओठ खात बोळात गेली आणि कपड्यांच्या काठीने जाळीतून ठोकू लागली. आवाजाच्या मागावर त्याने आतून घाव घातले. गिलावा ढासळला आणि न्हाणीघरात ऊन आलं.

ती परत आत आली तेव्हा तो धुळीने माखून खाली उभा होता. आतल्या खोलीतून चिमीचा खोकला ऐकू येत होता.

"मला वाटलं, घर चांगलं बंदिस्त केलं," तो हळूच म्हणाला.

तिला त्याची दया आली, पण राग काही गेला नाही. ती केरसुणी आणायला वळली. परत येऊन पाहते, तर हा पुन्हा स्टुलावर. हातात पुट्टीचा पत्रा, झरोक्याच्या ओबडधोबड कडा गुळगुळीत करायला निघालेला.

तिने पत्रा त्याच्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या तशाच. आधी तिला धड श्वास घेऊ द्या."