शिळाबाबाचा प्राणवायू

हॉलबाहेर चपलांचा खच पडला होता. आत टेबलांवर ओळीने टब, प्रत्येक टबात फसफसणारा काळा दगड आणि त्यावर चादर पांघरून वाकलेले दमेकरी. शिळाबाबा माइकवरून गर्जत होता, "कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा प्राणवायू! ओढा! श्वास वाढतोय ना? प्राण जागा होतोय!"

भूशास्त्र शिकवणाऱ्या बाई दारातच थिजल्या. गेल्याच महिन्यात त्यांनी पेपरात सांगितलं होतं, खडकातली रसायनं तपासली की प्राचीन समुद्रात प्राणवायू किती होता ते कळतं. बाबाने खडक आणि प्राणवायू तेवढे उचलले होते.

तिसऱ्या चादरीखाली त्यांचे वडील, अप्पा होते. घरचा ऑक्सिजनचा सिलिंडर बाईंच्या भावाने, दादाने, बाबाच्या भरवशावर कालच परत पाठवला होता.

बाईंनी चादर ओढली. अप्पांनी ती हिसकावून घेतली. "चारचौघांत शोभा करू नकोस. धाप लागतेय, म्हणजे गुण येतोय."

"अगं, बसू दे त्यांना," दादा म्हणाला.

बाई तरातरा स्टेजवर गेल्या. बाबाचा दगड त्यांनी रुमालाने पुसला, पांढरी भुकटी निघाली. पर्समधली खडक तपासायची आम्लाची बाटली सवयीने हातात आलीच होती. पुसलेल्या दगडावर थेंब टाकला, काही नाही. भुकटीवर टाकला, फस्स!

"हा खायचा सोडा. टबात आंबट पाणी. वर येतो तो कार्बन डायऑक्साइड, त्यानेच धाप लागते. आणि दगडातले सोनेरी ठिपके लोखंड-गंधकाचे. हा ज्या समुद्रात बनला, त्याच्या तळाशी प्राणवायू औषधालाही नव्हता!"

स्टेजवरची पेटती मेणबत्ती घेऊन त्या खाली उतरल्या आणि पहिल्या चादरीखाली धरली. विझली.

"ज्योत लीन झाली!" बाबा ओरडला. टाळ्या पडल्या.

"मग तुम्हीच बसा की चादरीखाली. दहाच मिनिटं."

"मी? मी तर धडधाकट आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग एकेक चादर बाजूला झाली. बाबा मागच्या दाराने पसार झाला. तिसरी चादर मात्र हलली नाही. दादाने ती उचलली, तेव्हा अप्पांचं कपाळ टबाच्या काठावर टेकलेलं होतं आणि दगड अजून फसफसत होता.

बाई आता गावोगाव मेणबत्ती घेऊन हा प्रयोग दाखवतात. शेवटी सांगतात, "चमत्कार दिसला की तपासा, कुणालाही भिऊ नका. पण आपलं माणूस चादरीखाली असेल, तर आधी त्याला बाहेर ओढा. पटवत नंतर बसा. मी उलटं केलं."