फोटोत मागे कोण आहे बघा

आमच्या घरात तीन पिढ्या फोटोचा धंदा आहे आणि तीन पिढ्यांत एकाही माणसाचा चेहरा आम्ही आहे तसा छापलेला नाही. आजोबा निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायचे, वडील ब्रशने टक्कल झाकायचे आणि आता माझा दादा संगणकावर बसून मुरुम, डाग, दुहेरी हनुवट्या साफ करतो. याला आम्ही फिनिशिंग म्हणतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आपण मुळात असेच आहोत असं समजून. मी आतल्या खोलीत फ्रेमा बनवते आणि तोंड चालवते. दुसरं काम जास्त करते असं दादाचं म्हणणं आहे.

दादाची मुलगी सहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. दुकानाच्या काचेत तिचा मोठा फोटो आहे, खांद्यावर मोकळे केस, मोत्यासारखे दात. रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. पण यंदा भिंगरीचे वरचे दोन दात पडले, जाड भिंगांचा चष्मा लागला आणि उवा झाल्या म्हणून केसही बारीक कापावे लागले. तेव्हापासून दादाने तिचा एकही फोटो काढला नव्हता. "दात येऊ देत, केस वाढू देत, मग झकास काढू," म्हणायचा. पोरीने ते इतकं मनावर घेतलं की कुणी फोन वर धरला की तोंडावर हात घेऊन पळायची. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, दवाखान्याच्या काउंटरवर बसते. तिलाही पोरीने एक फोटो काढू दिला नाही.

त्या दुपारी भिंगरी शाळेतून नेहमीसारखी दुकानात आली. बाहेर दादा कुठल्याशा निवृत्त होणाऱ्या मास्तरांचा ग्रुप फोटो काढत होता. वीस माणसं, आणि प्रत्येकाला मध्ये उभं राहायचं होतं. मला वाटलं, पोर दादाजवळ आहे. दादाला वाटलं, माझ्याजवळ आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं झालं. मास्तर मंडळी गेली तेव्हा दप्तर बाकावर होतं आणि भिंगरी नव्हती.

गल्ली पालथी घातली. मग दादा पोलीस चौकीत धावला. तिथल्या पोलीस बाईंना म्हणाला, "चोवीस तास थांबावं लागतं का हो?"

"कुणी सांगितलं? सिनेमाने?" बाई खुर्चीवरून उठल्यासुद्धा होत्या. "एक मिनिटही थांबायचं नसतं. फोटो द्या आधी."

फोटोवाल्याकडे फोटो मागितला! दादाने आपला सगळ्यात चांगला फोटो दिला, काचेतला. बघता बघता तो अख्ख्या शहराच्या फोनवर गेला. आमच्या दारात माणसांची रीघ लागली. केमिस्ट, चांभार, केस कापणारा, टायरवाला, सगळे हातातलं काम टाकून आले होते. जो तो तिच्या नावाने ओरडत वेगवेगळ्या दिशांना पळत होता. कुणीतरी पांढरी गाडी बघितली म्हणाला आणि त्या राईचा पर्वत व्हायला वेळ लागला नाही. दादाच्या फोनवर फोन येत होते, पण सगळे "सापडली का?" विचारणारे. बघितली असं सांगणारा एकही नव्हता. उजेड उतरायला लागला होता.

तेवढ्यात वहिनी रिक्षातून उतरली. तिच्याही फोनवर तो फोटो आला होता. तो दादापुढे धरून तिने विचारलं, "अहो, ही कोण?"

"अगं, आपली भिंगरी," दादा म्हणाला.

"हिला चष्मा नाही. हिला दात आहेत. गालावरचा तीळ तुम्ही पुसलात, भुवईवरची खोक पुसलीत. आपली पोर रस्त्यात समोर आली तरी लोक तिला बाजूला सारून हिला शोधतील."

मी तिच्या जागी असते तर दादाची गचांडी धरली असती. वहिनीने धरली नाही. ती दुकानाच्या पायरीवर चढली. दवाखान्यात घाबरलेल्या माणसांशी जसं बोलते, तसंच हळू पण स्पष्ट बोलली.

"सगळे जरा थांबा. पळू नका. आमच्याकडे तिचा आत्ताचा फोटो नाही. पण ती दिवसभर या गल्लीत उंडारते, तुमच्या कुणाच्या तरी फोटोत मागे नक्की आली असेल. आज, काल, परवा काढलेले सगळे फोटो उघडा. स्वतःकडे बघू नका. मागे कोण आहे ते बघा."

 चांभार फुटपाथवर बसला, त्याच्याशेजारी केमिस्ट बसला आणि पाहता पाहता सगळी गल्ली माना घालून फोनमध्ये शिरली. एरवी त्यात मला चेष्टेला भरपूर मिळालं असतं. चांभाराच्या फोनमध्ये नुसती मांजर, केमिस्टच्या फोनमध्ये नुसता केमिस्ट. पण कुणी लाजलं नाही, कुणी लपवलं नाही. आपापली खासगी दुनिया उघडून एकमेकांना दाखवत होते, "ही का? ही का?" म्हणत. मला त्या माणसांचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

टायरवाल्याला सापडली. त्याने त्याच दुपारी नव्या स्कूटरचा व्हिडिओ काढला होता. स्कूटरच्या मागे, आरशात स्वतःला वाकुल्या दाखवत भिंगरी उभी होती. चष्मा, दातांमधली खिंड, बारीक केस, उलटा घातलेला लाल स्वेटर. पुढच्याच क्षणी ती एका मोठ्या कुटुंबाच्या मागे मागे बसथांब्याकडे जाताना दिसत होती. बसमध्ये सगळ्यांना ती त्यांचीच वाटली असणार.

दादाबरोबर आलेल्या पोलीस बाईंनी व्हिडिओतून तिचा फोटो वेगळा काढला, लाल स्वेटर लिहिलं, चौकीचा नंबर घातला. वहिनी म्हणाली, "नुसता पाठवू नका. आधीचा ज्याला ज्याला पाठवलात, त्याला फोन करून पुसायला सांगा. नाहीतर लोक दोन मुली शोधत बसतील."

पाठवायला एक बोट लागतं. परत घ्यायला तोंड लागतं. तरी ते लोक ओळीने उभे राहिले आणि एकेकाला फोन करत सुटले. "तो पूस. हो, मीच पाठवला होता, तो चुकीचा आहे. हा बघ. आणि तू ज्यांना पाठवलास त्यांनाही सांग." कुणी कंटाळलं नाही, कुणी म्हटलं नाही की आमचं काम झालं. केस कापणाऱ्याने आपल्या मेव्हण्याला सांगितलं. मेव्हणा बसडेपोत मेकॅनिक. त्याने डेपोच्या कँटीनवाल्या मावशींना सांगितलं.

आणि चौकीत फोन वाजला. मावशी ओरडतच होत्या, "अहो, ती इथेच आहे! तिला आत्ता बसमध्ये चढवत होते!"

आम्ही पोचलो तेव्हा डेपोच्या दारात लांबच्या गावाची बस इंजिन चालू ठेवून उभी होती. भिंगरी कँटीनच्या बाकावर बसून दुधाच्या ग्लासात बिस्किट बुडवत होती. आईकडे दवाखान्यात जायला म्हणून ती बसमध्ये चढली होती, भलत्याच. आई दवाखान्यात आहे एवढंच ती सांगत होती. मावशींना वाटलं, आई आजारी आहे, मोठं इस्पितळ तर पुढच्या शहरात. त्यांनी ड्रायव्हरला गळ घालून तिला तिकडे पोचवायचं ठरवलं होतं. मेकॅनिकचा फोन आला तेव्हा पोरीचा एक पाय पायरीवर होता.

वहिनीने तिला उचलून घेतलं ते सोडलंच नाही. दादा हात जोडून मावशींपुढे उभा राहिला. त्या बिचाऱ्या स्वतःलाच दोष देत होत्या.

"दादा, पहिला फोटो आला ना, तेव्हा ही माझ्यासमोरच बसली होती हो. मला जरा शंका आली, नाक सारखं वाटलं. मी फोन हिच्या तोंडाजवळ धरून विचारलं, ही तूच का गं? तर म्हणाली, नाही. म्हणाली, ही मी नाही, ही बाबांना आवडते ती."

  दादा वहिनीजवळ गेला आणि भिंगरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नाही गं बाळा. तसं नाही."

भिंगरीने आईच्या खांद्यावरून मान वळवली आणि जाड भिंगांतून ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली, हे खरं की खोटं ते ठरवत.