चुंबकाला न चिकटणारी तार

गिटारवालीच्या सासऱ्यांनी पस्तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलं. पुढे दुकान मुलाच्या हाती दिलं, पण दुकानाने काही त्यांना सोडलं नाही. किल्ल्यांच्या जुडग्यात बटणाएवढा एक चुंबक कायम अडकवलेला. कुणाच्या घरी पाण्याचा पेला हातात आला की आधी चुंबक लावणार, मग पाणी पिणार. चिकटला नाही तर म्हणणार, "स्टील चांगलं आहे हो तुमच्याकडे." चिकटला तर एक अक्षर बोलणार नाहीत, पण पेला असा खाली ठेवतील की त्या घरच्या बाईला आपल्या सगळ्या स्वयंपाकघराचा संशय यावा.

सून एका संगीत नाटकात गिटार वाजवायची. वादक चार, प्रयोग तीस ठरलेले, आणि त्या चार खुर्च्यांतली एक मिळवायला तिला सहा वर्षं लागली होती. वाद्यवृंदाचे मास्तर कानाचे फार कडक. साध्या गिटारच्या जाड तारांवर गोल तार गुंडाळलेली असते, बोट सरकलं की ती चर्रकन ओरडते. मास्तरांना तो आवाज सहन होत नसे. म्हणून हिच्या गिटारला फ्लॅटवाउंड तारा, म्हणजे आत पोलादाची तार आणि तिच्यावर गुंडाळलेली चपटी पट्टी. बोट तिच्यावरून गुळगुळीत जातं आणि आवाज गोल, मऊ येतो.

अडचण एवढीच की ती पट्टी निकेलची होती, आणि सुनेच्या बोटांचं आणि निकेलचं जमेना. आधी खाज आली, मग पुरळ, मग चार बोटांच्या टोकांवर पाण्याचे फोड. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "निकेलला हात लावायचा नाही." सूनबाईंनी विचारलं, "आणि गिटारला?" त्यावर त्या नुसत्या हसल्या. फी घेऊन हसणाऱ्या माणसांचा सुनेला तेव्हापासून राग आहे.

वाद्यांच्या दुकानदाराने तोडगा काढला. फ्लॅटवाउंडच, पण पट्टी क्रोमियमच्या स्टीलची, ज्यात निकेल जवळजवळ नसतंच. फक्त ऑर्डर देऊन मागवावी लागेल, तीन आठवडे. हे तीन आठवडे तिने बोटांना मलम लावून, घरी सराव न करता, फक्त तालमीपुरती गिटार हातात घेऊन काढले.

पाकीट आलं ते नेमकं रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी. सकाळी तिला शाळेत संगीताचे तास होते.

"मी आणतो ना," सासरे म्हणाले. "तेवढंच चालणं होईल."

"बाबा, माझ्या नावाने ठेवलंय. नुसतं घ्यायचं आणि यायचं."

"नुसतं म्हणजे? मी काय शिपाई आहे?"

इथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

दुपारी ती घरी आली तेव्हा सासरे दारातच उभे होते, चेहरा असा की जणू घर लुटलं जाण्यापासून वाचवलंय.

"वाचलीस," ते म्हणाले. "अगं, फसवत होता तुला. उघडायला लावलं मी पाकीट. सगळ्यांत जाड तार घेतली, चुंबक लावला, तर उडी मारून चिकटली! म्हटलं, हे स्टील? हे आमच्याकडे कोणी फुकट नेणार नाही."

सुनेच्या हातातली पिशवी खाली आली. "मग?"

"मग काय, बदलून घेतलं. त्याच्याकडे पितळेसारख्या तारांचा एक संच होता, ब्राँझ म्हणाला. जाड तारेला चुंबक लावला तर जेमतेम हलली. चपटीच आहे, बघ, मी विचारून घेतलं. आणि निकेल नाही, तेही विचारलं. मला काही कळत नाही असं समजू नकोस."

कळत नाही असं नव्हतंच. खोट एवढीच होती की त्यांना कळायचं ते सगळं भांड्यांतलं होतं.

"बाबा," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "तुमचं चांगलं स्टील चुंबकाला का चिकटत नाही?"

"चांगलं असतं म्हणून."

"त्यात निकेल असतं म्हणून! ज्याने माझी बोटं सुजतात, तेच. आणि ही गिटार विजेवरची आहे. तारांखाली ही पट्टी दिसते ना, पिकअप, हिच्यात चुंबकच आहे. तार चुंबकाला ओळखत असेल तरच आवाज येतो. ब्राँझ त्याला ऐकूच येत नाही."

सासऱ्यांनी वाकून पिकअप पाहिला. मग म्हणाले, "पण हे त्या दुकानदाराने मला सांगायला नको?"

तिने दुकानदाराला फोन लावला.

"सांगितलं हो मी ताई, दोनदा सांगितलं," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर म्हणाले, तुझ्या वयाचं माझं दुकान आहे. गिऱ्हाइकासमोर. मग मी गप्प बसलो."

"ते पाकीट?"

"त्यांच्या मागेच एक वादक उभा होता. उघडलेलंच होतं, घेऊन गेला. पुन्हा मागवतो की. तीन आठवडे."

चारला तालीम होती. आत पोलादाची तार आहे, तेवढी तरी ऐकू येईल, या आशेवर तिने ब्राँझच्या तारा चढवल्या आणि स्क्रू पिळून पिकअप जितका वर येईल तितका आणला. वरच्या दोन बारीक तारा साध्या पोलादाच्या होत्या, त्या किंचाळायला लागल्या. खालच्या चार शेजारच्या खोलीत कोणी पुटपुटावं तशा. तिने आवाजाचं बटण वाढवलं तेव्हा किंचाळणं वाढलं, पुटपुटणं होतं तिथेच राहिलं.

तालमीत मास्तरांनी तिसऱ्याच गाण्यात हात वर केला.

"गिटार आली आहे का आज?"

"आहे मास्तर."

"मला दिसतेय. ऐकू कधी येणार?"

सासरे सोबत आले होते, चूक असलीच तर निस्तरायला. मागच्या रांगेतून ते सुनेला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "अगं, जरा जोरात वाजव ना." तिने तार तुटेल इतक्या जोरात वाजवली. पुटपुटणंच.

"उद्या दोन वाजता रंगीत तालीम," मास्तर म्हणाले. "आवाज असेल तर ये. नाहीतर कीबोर्डवाला तयार आहे, गिटारचा आवाज तोही काढतो."

घरी येऊन तिने ब्राँझच्या तारा उतरवल्या आणि कपाटातून जुन्या निकेलच्या काढल्या. सासरे समोर बसून बघत होते. मलम पुढे सरकवलं. मग बोटांना चिकटपट्टी लावायची सूचना केली. मग रबरी हातमोज्याची बोटं कापून घालायची. तिने एकेकाला मान हलवली. चिकटपट्टी लावली की तारेवर बोट सरकत नाही, आणि हातमोजा घालून तर भांडीच घासता येतात.

"मी उद्या मास्तरांशी बोलू का?" त्यांनी विचारलं.

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की दोघंही दचकले.

दुसऱ्या दिवशी अडीच तास ती निकेलवर वाजवत राहिली. पहिल्या अंकात खाज होती, दुसऱ्यात आग. आवाज मात्र जसा हवा तसा. शेवटचं गाणं संपल्यावर मास्तर तिच्या खुर्चीजवळ आले, जे ते कधी येत नसत.

"हा आवाज!" ते म्हणाले. "आता तीसही प्रयोग होईपर्यंत तारांना हात लावायचा नाही."

"तीन आठवड्यांनी लावणार आहे, मास्तर." तिने बोटं उताणी करून दाखवली. "स्टीलच्या चढवणार. पहिले आठ दिवस आवाज जरा टोकदार येईल, मग मऊ होईल. विचारत नाही, सांगतेय."

मास्तरांनी बोटं पाहिली आणि नजर वळवली. "बघू," म्हणाले. होही नाही, नाहीही नाही. कीबोर्डवाला मागे वायर गुंडाळत होता, फार सावकाश.

बाहेर येऊन तिने अंगठ्याने दुकानदाराचा नंबर लावला. बाकीची बोटं कामातून गेली होती.

"पाकीट आलं की माझ्याच हातात द्यायचं. घरचं कोणीही आलं तरी द्यायचं नाही."

"आणि सासरेबुवा आले तर?"

तिने मागे पाहिलं. सासरे तिची गिटार दोन्ही हातांनी छातीशी धरून पायऱ्या उतरत होते, एकेक पायरी चाचपत.

"त्यांना तो वाजवायचा त्रिकोण दाखवा, ट्रँगल," ती म्हणाली. "स्टीलचा असतो ना? दोन तास जातील."