बंदरावरच्या क्रेनची सुट्टी

मी बंदरावरची क्रेन बोलतेय. मान वर करा. अजून वर! हां, दिसले ना? मी सुट्या भागांत जन्मले, इथे येऊन जोडली गेले आणि तेव्हापासून उभीच आहे. जहाजातले भलेमोठे कंटेनर उचलायचे अन् अलगद धक्क्यावर ठेवायचे, हे माझं काम.

मला चालवणारे वर केबिनमध्ये बसतात, म्हणून सगळे त्यांना ‘वरचे मामा’ म्हणतात. “चल गं बाई, हळू,” असं माझ्याशी बोलत बोलतच ते काम करतात. पण बाकीच्या क्रेनसारखीच माझीही शिडी गंजून खिळखिळी झाली होती. तिच्यावरून पडून मामांच्या कामावरच्या जोडीदाराचा पाय मोडला. साहेबलोक ‘बघू, करू’ म्हणत राहिले. शेवटी सगळ्या कामगारांनी संप पुकारला.

मला आयती सुट्टी! पहिले काही दिवस पाखरांशी गप्पा मारण्यात मजेत गेले. मग समुद्रात जहाजांची रांग लागली, रस्त्यावर ट्रकांची. फाटकासमोरच्या खानावळीत अडकलेल्या ट्रकवाल्यांची झुंबड उडाली. मालकीणबाई खूश! पण ट्रकवाल्यांचे खिसे रिकामे झाले, तशी तिची चूलही थंडावली. कंटेनरमधली फळं नासली. आता मला सुट्टी नकोशी झाली.

एक दिवस मामांच्या बहिणीचे यजमान तणतणत फाटकावर आले. त्यांचा बुटांचा छोटा कारखाना. बुटांचे सोल माझ्या पायाशी कंटेनरमध्ये अडकलेले.

“तुमच्या संपापायी माझे कारागीर घरी बसलेत! त्यांना काय तोंड दाखवू?”

“भावजी, हवं तेवढं ओरडा,” मामा म्हणाले. “पण आधी ती शिडी बघा. चढाल?”

भावजींनी इतकी मान वर केली की टोपीच खाली पडली. “छे हो! मला स्टुलावरही गरगरतं.”

“मी रोज चढतो. ताईचा रोज फोन येतो, ‘उतरलास का रे?’”

“रोज? मला बोलली नाही कधी!” भावजी टोपी झटकत राहिले. मग मामांशेजारीच बसले आणि दोघांसाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी खानावळवाली, फळवाले, ट्रकवाले अशी वरात घेऊन भावजी थेट साहेबांच्या दारात. “शिड्यांपायी सगळ्यांचीच चूल विझवणार का?” त्यांचा आवाज मला इथवर ऐकू आला! आता ‘बघू, करू’ म्हणायची सोय उरली नाही. शिड्या बदलल्या, कठडे बसले, संप मिटला.

सगळंच काही भरून निघालं नाही. काही जहाजं दुसऱ्या बंदराकडे वळली, ती परतली नाहीत. फळवाल्यांची घडी अजून बसतेय. पण मला मात्र श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि खरं सांगू? मी भलतीच खुशीत आहे. एवढंच मागणं आहे : तुमच्यासाठी राबणाऱ्या हातांचं गाऱ्हाणं ते हात थांबण्याआधीच ऐकत जा.

बरं, येते. मामांनी भोंगा दिलाय. तुम्ही जरा मागे सरा पाहू. खाली कुणी उभं असलं, की ते भार उचलतच नाहीत.